"सगळं ठीक आहे" म्हणजे काहीच न सांगणं

काल रात्री आमच्या कूलरचा पंप जळला आणि आज सकाळी साडेसातला ही बातमी कोल्हापुरात पोचली. आई म्हणाली, "नवा बसवतेस तर गवत पण बदलून घे की त्यातच. दोन वर्षं झाली त्याला." माझ्या आईने आयुष्यात कूलर वापरलेला नाही. तिकडे लागतच नाही. पण नागपूरच्या कूलरला होळीनंतर काय काय लागतं, ताट्यांतलं गवत कधी कुजतं, टाकीला किती बादल्या जातात, हे तिला फोनवर ऐकून ऐकून पाठ झालंय.

हे असं नेहमी नव्हतं. मधली बरीच वर्षं आमच्याकडे एकच बातमी होती. "सगळं ठीक आहे." त्याबद्दलच लिहायचंय, कारण परवा आमच्या भावाशी यावरून माझं चांगलंच वाजलं.

मी 1999 साली लग्न होऊन नागपूरला आले. महाराष्ट्र एक्सप्रेसने चोवीस तासांच्या वर, अंतर हजार किलोमीटरच्या वर. राज्य एक असलं तरी सुरुवातीला भाषेचीसुद्धा पंचाईत. आमच्याकडे बाया सर्रास "मी येतो, मी करतो" म्हणतात. पहिल्या आठवड्यात मी आतून "मी आलो हं" म्हटलं की सासूबाई दचकून बघायच्या, स्वयंपाकघरात कोण पुरुष बोलून राहिला म्हणून. एकदा त्यांनी "दहा रुपयांचा सांबार आण" म्हणून पाठवलं तर मी किराणा दुकानात जाऊन मसाल्याची पुडी घेऊन आले. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सासूबाई हसून हसून खाली बसल्या. मला त्या रात्री रडू आलं, पण पत्रात लिहिलं तेव्हा तेच गमतीचं झालं.

तेव्हा पत्रं होती. आईचं आंतर्देशीय यायचं, निळं, दोन्ही बाजू भरलेल्या, आणि जागा संपली की दुमडायच्या पट्टीवर उभं लिहिलेलं. वाचताना कागद चारी बाजूंनी फिरवावा लागायचा. गवळी दूध पातळ घालायला लागला म्हणून बदलला. आबांनी सायकलला नवं सीट बसवलं, ते टोचतंय. बेंदराला मातीचे बैल आणले, त्यातल्या एकाचं शिंग वाटेतच मोडलं. पुढे मुलगा झाल्यावर मी तान्ह्या पोळ्याचं लिहिलं, की इथे पोरं लाकडाचा बैल चाकांवर ओढत घरोघर नेतात, तर तिचं उत्तर आलं, "लाकडाचा का असेना, त्याला पुरणपोळी दाखवलीस का?" यातल्या एकाही बातमीने कुणाचं काही अडत नव्हतं. पण मला माहेरचं घर दिसायचं, तिला माझं.

आणि फोन म्हणजे एसटीडी बूथ. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून अकराला रांग. काचेच्या खोक्यात उभं राहायचं, समोर मीटरचे लाल आकडे पळताहेत, आणि मागे कुणीतरी काचेवर नाणं वाजवतंय. "आई कशी आहेस, आबा कसे आहेत, इकडे सगळं ठीक आहे, तिकडे? बरं, ठेवते." माझं स्पष्ट मत आहे की "सगळं ठीक आहे" हे वाक्य आपल्या तोंडात त्या मीटरने घातलं. बूथ गेले, लाल आकडे गेले, आता तासभर तोंडं बघत बोललं तरी वेगळा पैसा लागत नाही. वाक्य मात्र तिथेच चिकटलंय. उलट आता फोटोंमुळे जास्तच झालंय. केक कापला की फोटो, गाडी घेतली की फोटो, निकाल लागला की फोटो. मधलं जे काही रामायण झालं ते आईवडिलांपर्यंत जातच नाही. त्यांना आपण नुसता तयार माल दाखवतो, पाहुण्यांना दाखवावा तसा.

आणि ते तरी कुठे सांगतात? त्यांचा तर यात हात धरू शकणार नाही कुणी.

ऑगस्ट 2019. कोल्हापूरला पूर आला होता. ज्यांचं माहेर तिकडं आहे त्यांना माहीत असेल, पावसाळ्यात आम्ही जगाच्या पाठीवर कुठेही असलो तरी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत असतो. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. त्या वेळी पंचगंगा 55 फुटांच्याही वर गेली होती. हायवे बंद, म्हणजे ठरवलं तरी जाता येत नव्हतं. मी दिवसातून दहा वेळा फोन. आई म्हणायची, "अगं आम्ही मावशीकडं आलोय. पाणी नुसतं उंबऱ्याला टेकून गेलं बघ. सगळं ठीक हाय." मी विश्वास ठेवला. म्हणजे ठेवायचाच होता म्हणून ठेवला.

चार वर्षांनी, 23 सप्टेंबर 2023 ला, पाळी आमची. आम्ही अंबाझरी तलावाच्या खालच्या बाजूला, तळमजल्यावर राहतो. आदल्या दिवशी घरी महालक्ष्म्या जेवल्या होत्या (आमच्याकडच्या गौरी, इथे महालक्ष्म्या). सोळा भाज्या, पुरण, आंबील, वर फुलोरा बांधलेला. रात्रभर ढगफुटीसारखा पाऊस. पहाटे जाग आली ती चपला भिंतीवर आपटत होत्या त्या आवाजाने. दिवा लागेना. पाय खाली सोडला तर पोटरीपर्यंत पाणी. तलाव भरून सांडला होता आणि नाग नदी, जिला एरवी आम्ही नालाच म्हणतो, ती आमच्या गल्लीतून वाहत होती. ह्यांनी आधी सासूबाईंना उचलून शेजारच्यांच्या जिन्यावर नेऊन बसवलं. मी महालक्ष्म्यांचे मुखवटे काढून कपाटावर ठेवले, त्यांच्या साड्या तोवर खालून भिजल्याच होत्या. पुरणाचा डबा माझ्या डोळ्यांदेखत तरंगत दाराकडे गेला, शांतपणे, एखादी बोट जावी तसा. मला अजून तो डबा आठवतो. तसा आजवर सापडला नाही.

आठ वाजता आईचा फोन. माझ्या मोबाइलला तेवढीच धुगधुगी होती. तिने विचारलं, "आज जायच्या ना गं गौरी? नीट झालं का सगळं?" मी गुडघाभर पाण्यात उभी होते, हातात मिक्सरचं भांडं. आणि मी म्हणाले, "हो आई, छान झालं. सगळं ठीक आहे."

दुपारी तिने टीव्हीवर पाहिलं. संध्याकाळी शेजारणीच्या फोनवर बोलणं झालं तेव्हा वाटलं, आता रडेल किंवा रागावेल. ती म्हणाली, "फ्रीज लगेच चालू करू नको, मोटर जळते. आठ दिवस उघडा ठेव. गाद्या वाळवत बसू नको, वास जात न्हाई, टाकून दे. आणि धान्याच्या डब्यांची झाकणं आधी उघड, आत वाफ धरती."

मी विचारलं, "तुला गं कसं माहीत?"

दोन क्षण काहीच नाही. मग मागून आबांचा आवाज आला, "सांग आता."

तर 2019 ला पाणी उंबऱ्याला टेकून गेलेलं नव्हतं. स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत आलं होतं. फ्रीज त्यांनी लगेच चालू केला होता आणि तो जळला होता. गाद्या पंधरा दिवस वाळवून शेवटी टाकल्या होत्या. माझी सगळी पत्रं, आईने जपून ठेवलेली, सांबाराचं पत्रसुद्धा, खालच्या खणात होती, ती गेली. दिवाळीला मी गेले तेव्हा भिंतींना ताजा रंग होता आणि मी म्हटलं होतं, "वा, रंग दिला वाटतं!" या वाक्याची मला आजही लाज वाटते.

भावाचं म्हणणं वेगळं आहे. तो पुण्यात असतो. "आबांना बीपी आहे, आईला झोप लागत नाही. एवढ्या लांबून ते करणार काय? नुसता जीवाला घोर." परवा हेच बोलणं वाढत गेलं. त्याचं अगदीच खोटं नाही. मुलाला डेंग्यू झाला तेव्हा मी पहिल्या दिवशीच सांगितलं आणि आई चार रात्री नीट झोपली नाही, हे खरंय. पण ती रोज सकाळी प्लेटलेटचा आकडा विचारायची आणि तो वाढायला लागला तेव्हा तो आनंद तिचाही होता. एरवी तिला बरा झाल्यावरचा फोटो मिळाला असता, अंगठा वर केलेला. "करणार काय" म्हणणाऱ्या भावाला मी फ्रीजचं उदाहरण दिलं. त्याच्यावर तो म्हणाला, तू वकील व्हायला पाहिजे होतीस.

काळजी करणं हे त्यांचं चालू काम आहे. त्यातून आपण त्यांना निवृत्त करू शकत नाही. काहीच सांगितलं नाही तर ते आपल्या आवाजावरून, उशिरा उचललेल्या फोनवरून, टीव्हीवरच्या पट्टीवरून काळजी करतात, आणि ती जास्त वाईट असते. मे 2024 मध्ये नागपुरात 56 अंश अशी बातमी सगळीकडे फिरली. तो यंत्रातल्या सेन्सरचा घोळ होता, हवामान खात्याने नंतर तसं सांगितलं. पण आबांनी फोनवर मला काय विचारावं? "बाहेरचं जाऊ दे, घरात किती आहे? भिंतीला हात लावून सांग." रोज ऐकायची सवय असलेला माणूसच असा प्रश्न विचारतो.

यंदा मार्चमध्ये गेले होते तेव्हा जुन्या कालनिर्णयांचा गठ्ठा हाती लागला. आबा दुधाचा हिशेब चौकोनात लिहितात, हे माहीत होतं. त्याच्याखाली बारीक अक्षरात माझं पण असतं हे माहीत नव्हतं. 2022 चं उघडलं. "नाग. – ठीक." "नाग. – ठीक." "नाग. – ठीक." पानंच्या पानं. मग 2023 चा सप्टेंबर. 23 तारखेला "नाग. – गौरी गेल्या. ठीक." त्यावर काट मारलेली आणि खाली एकच शब्द, "पाणी." त्याच्या पुढच्या महिन्यांत चौकोन पुरत नाहीत, शेजारच्या चौकोनात अक्षर घुसलंय. "नाग. – फ्रीज चालू झाला." "नाग. – गाद्या आणल्या, कापसाच्या." "नाग. – वांग्याची भाजी खारट, जावई गप्प जेवले."

आता आमचा असा करार आहे की "ठीक" हा शब्द वापरायचा नाही. आबा पाळत नाहीत. त्यांची साखर किती हे मला आईकडून, ती पलीकडे गेल्यावर आबांकडून, आणि खरी ती औषधाच्या दुकानातल्या मुलाकडून कळते.

आणि आता इतकं लिहिल्यावर माझंही सांगून टाकते. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, पुढच्या महिन्यात. तारीख मिळून दहा दिवस झाले. कूलर, गवत, पंप सगळं सांगितलं, ते तेवढं राहिलंय. भावाला हे कळलं तर तो काय म्हणेल ते मला ऐकू येतंय.

उद्या साडेसातला फोन येईल. आधी पंप कितीला बसला ते सांगेन. मग ते.