डोळ्यात एवढं व्हिटॅमिन सी असतं, मग गोळी का नको? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका,

वय बहात्तर लिहिलंत म्हणून काका म्हणतो. तुमच्या प्रतिक्रियेचा मथितार्थ असा: "डोळ्यातल्या पाण्यात रक्ताच्या वीसपट व्हिटॅमिन सी असतं हे तुम्हीच लिहिता, आणि मोतीबिंदूसाठी गोळ्या घेऊ नका हेही तुम्हीच. स्वतः मेडिकल चालवता आणि व्हिटॅमिनला नावं ठेवता. ऑपरेशनवाल्यांशी संगनमत दिसतंय." शिवाय तुमचा नेम: रोज सीची हजार मिलिग्रॅमची गोळी, डाळिंबाचा रस, आणि रात्री डोळ्यात लिंबू-मधाचे दोन थेंब.

संगनमताचं राहू द्या. गोळ्यांची पट्टी विकली तर मला चार पैसे सुटतात, घेऊ नका म्हणून काय सुटणार? विसंगतीचा मुद्दा मात्र तुम्ही नेमका पकडलाय.

डोळ्यातल्या भिंगाला (तेच गढूळ झालं की मोतीबिंदू) रक्तवाहिन्या नाहीत. असत्या तर ते आरपार राहिलंच नसतं. त्याचं पोषण पुढच्या पातळ द्रवातून होतं (तेच ते डोळ्यातलं पाणी, अश्रू नव्हेत), आणि बुबुळामागच्या पेशी रक्तातलं सी ओढून त्या द्रवात सोडत राहतात. नुसतं झिरपून वीसपट साठा होत नाही, त्यासाठी खास वाहक प्रथिनं राबतात. माणसासारख्या दिवसा वावरणाऱ्या प्राण्यांत हा साठा भरपूर, रात्री हिंडणाऱ्या उंदरात अगदी कमी. उन्हातल्या अतिनील किरणांपासून भिंग राखण्याचं काम सी करत असावं, हा अंदाज त्यावरूनच बळावला.

पण ओढणाऱ्या पेशींना मर्यादा आहे, आणि त्याआधी आतड्याला. साधारण २०० मिलिग्रॅमपर्यंतचं सी जवळजवळ सगळं शोषलं जातं. हजारची गोळी घेतली की निम्मं किंवा त्याहून कमी आत जातं, आणि आत गेलेलं जास्तीचंही लघवीवाटे निघून जातं. रोज नळ न येणाऱ्या आपल्या सोलापुरात हे वेगळं सांगायला नको: टाकी भरल्यावर मोटार चालू ठेवली तर पाणी गच्चीवरून वाहतं.

बहुधा म्हणूनच प्रयोगांत गोळ्या तोकड्या पडल्या. अमेरिकेत पुरुष डॉक्टरांनाच रोज ५०० मिलिग्रॅम सी सुमारे आठ वर्षं देऊन पाहिलं, मोतीबिंदू कमी झाला नाही. आपल्याकडे मदुराईच्या बाजूला सी, ई आणि बीटा कॅरोटीन एकत्र पाच वर्षं दिलं, तिथंही तेच. उलट स्वीडनमध्ये हजार मिलिग्रॅमच्या आसपासच्या सीच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांत मोतीबिंदूची ऑपरेशनं सुमारे २५ टक्के जास्त आढळली. ते नुसतं निरीक्षण होतं, त्यावरून गोळीनेच झालं असं मी म्हणणार नाही. पण दुर्लक्षही करवत नाही. कारण सीचं ऑक्सिडीकरण झालं की त्यातून तयार होणारे पदार्थ भिंगातल्या प्रथिनांना चिकटतात आणि ती पिवळी-तपकिरी पडतात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी दुकानात येतात, आळीपाळीने डोळे झाकून बिलाचा कागद बघतात आणि विचारतात, "ह्या डोळ्याला पांढरा दिसतोय, त्या डोळ्याला हळद लागल्यागत का?" तो पिवळेपणा म्हातारपणी भिंगात साठत गेलेला असतो.

मग सी कुणाला हवं? ज्याची टाकी रिकामी आहे त्याला. साठीपुढच्या लोकांच्या भारतातल्या मोठ्या पाहणीत उत्तरेकडे सुमारे ७४ टक्के आणि दक्षिणेकडे ४६ टक्के लोकांच्या रक्तात सी कमी सापडलं. ज्यांचं चांगलं होतं, त्यांच्यात मोतीबिंदूही कमी होता. तंबाखू आणि चुलीचा धूर असलेल्या घरांत कमतरता जास्त. आपल्या गावात विड्या वळणाऱ्या बायका, मिश्री लावणाऱ्या आज्या आणि तंबाखू मळणारे आजोबा किती आहेत ते तुम्हाला माहीत आहेच. त्यांच्या ताटात रोज एक पेरू किंवा आवळा पडावा, हे मी शंभरदा लिहीन.

डाळिंबाचं मात्र कौतुक जरा आवरा. सोलापूरच्या डाळिंबाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, अभिमान मलाही आहे. पण शंभर ग्रॅममध्ये सी दहा-पंधरा मिलिग्रॅम, आणि तेवढ्याच पेरूत दोनशेच्या आसपास! डाळिंब चवीसाठी खा. लिंबू पिळायचं तर आमटी खाली उतरवल्यावर पिळा, उकळत्या भांड्यात नको.

हजारच्या गोळीबद्दल आणखी एक. जास्तीच्या सीचं शरीरात काही प्रमाणात ऑक्झलेट होतं, आणि त्याचे खडे बनू शकतात. पूर्वी मूतखडा झाला असेल, तर आपल्या उन्हाळ्यात, पाणी कमी पोटात जाताना, ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आणि थेंब. ह्यावर चर्चा नकोच. लिंबाचा रस चांगलाच आम्लधर्मी आहे, त्याने डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला जखम होते. घरातलं मध निर्जंतुक नसतं, त्या जखमेत जंतू शिरले तर पडद्यावर पांढरा डाग राहतो, आणि तो मोतीबिंदूसारखा भिंग बदलून जात नाही. थेंब आज रात्रीपासून बंद. डोळा लाल असेल, चुरचुरत असेल किंवा उजेड सहन होत नसेल, तर उद्या सकाळीच नेत्रतज्ज्ञाला दाखवा, आणि काय घालत होता ते न लाजता सांगा.