गांजानं कॅन्सर आवरणारी राजकन्या? ती तर पंचविशीतच गेली

केमो चालू असलेल्या मावशीला कुणीतरी हा फॉरवर्ड पाठवला, आणि तिनं तो 'यात काही तथ्य आहे का?' असं विचारत पुढे धाडला. एरवी दुर्लक्ष केलं असतं. मजकूर थोडक्यात असा: सायबेरियाच्या बर्फात 2500 वर्षांपूर्वीची राजकन्या सापडली, लुप्त झालेल्या एका लेपामुळे ती आजही झोपल्यासारखी ताजी दिसते, तिला स्तनाचा कॅन्सर होता, पण गांजाच्या धुरीनं तिनं तो आवरला, तिचं गोंदण यंत्राशिवाय अशक्य, ते देह टिकावा म्हणून कोरलेले मंत्र आहेत, ती मुळात आपलीच, शक, आणि तिला उकरल्याच्या शापानं भूकंप झाला.

बाई खरी आहे. 1993 साली पुरातत्त्वज्ञ नतालिया पोलोस्माक यांच्या पथकाला ती रशियातल्या अल्ताईमध्ये, उकोक पठारावर, अक-अलाखा-3 इथल्या कुर्गानात सापडली. कुर्गान म्हणजे दगडांच्या ढिगाखालचं थडगं. ती पाझिरिक संस्कृतीतली (नाव अल्ताईतल्याच पाझिरिक या ठिकाणावरून), म्हणजे गवताळ प्रदेशातल्या घोडेस्वार भटक्यांपैकी. 'राजकन्या' ही पदवी वर्तमानपत्रांनी दिली. तिच्यासोबत 6 घोडे पुरले होते. पाझिरिकच्या मोठ्या सरदारांसोबत 9, 10, अगदी 14 सुद्धा. मानाची बाई होती, एवढं नक्की.

आता कॅन्सर. नोवोसिबिर्स्कमध्ये तिचा एमआरआय झाला आणि निष्कर्ष 2014 साली आले. उजव्या स्तनात गाठ, काखेतल्या लसिकाग्रंथींत आणि मणक्यात पसरलेली. शिवाय हाडाची जुनी जंतुबाधा आणि घोड्यावरून पडल्यावर होतात तशा जखमा. मृत्यूच्या वेळी वय पंचविशीच्या आसपास. यातलं 'आवरला' नेमकं कशाला म्हणायचं? हे पसरत गेलेल्या रोगाचं आणि तरुण वयातल्या मरणाचं वर्णन आहे. ज्या एमआरआयमुळे तिला कॅन्सर होता हे कळलं, त्यातच तो मणक्यापर्यंत गेल्याचं दिसतं. फॉरवर्डवाल्यानं पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं गाळलं.

गांजा मात्र हवेतून आलेला नाही. पुरातत्त्वज्ञ सर्गेई रुदेन्को यांनी पाझिरिकच्या दुसऱ्या कुर्गानात 6 काठ्यांच्या बुटक्या तंबूचा सांगाडा, दगडगोटे भरलेली काशाची भांडी आणि त्यांत करपलेलं भांगेचं, म्हणजे गांजाच्याच झाडाचं, बी शोधलं. पामीरमधल्या जिरझंकाल दफनभूमीतल्या लाकडी धुपाटण्यांत नशा आणणाऱ्या द्रव्याचे अंश सापडल्याचं 2019 साली प्रसिद्ध झालं. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं तर आपल्या इतिहासाच्या चौथ्या ग्रंथात सिथियन भटक्यांची कृतीच दिली आहे: काठ्या टेकवून वर नमदा, म्हणजे बुरणुसासारखी दाबलेली लोकर, ताणायचा, आत तापलेले दगड ठेवायचे, त्यांवर बी टाकायचं, वाफ घ्यायची. हे करायचं कुणी आणि कधी? मयताला पुरून आलेल्या लोकांनी, शुद्धीसाठी. आपल्याकडे स्मशानातून आल्यावर आंघोळ करतात, त्या जागी. तिनं दुखणं सुसह्य व्हावं म्हणून धूर घेतलाही असेल. तसा तर्क काहींनी केला आहे, आणि तो तर्कच आहे. आणखी एक गोष्ट नाइलाजानं मान्य: केमोची मळमळ कमी करायला या वनस्पतीतल्या द्रव्यापासून बनवलेलं औषध डॉक्टर देतात. मळमळीसाठी देतात, गाठीसाठी नाही. मावशीनं एकही डोस चुकवू नये.

'लुप्त लेप' हा मुद्दा खोटा आहेच, पण खरी हकिकत त्याहून सुरस आहे. या लोकांना देह टिकवायची विद्या येत होती, पण ती काही महिन्यांपुरती. कवटीला भोक पाडून मेंदू काढायचा, पोट चिरून आतडी काढायची, पोकळीत झाडपाला भरून शिवायचं. हेरोडोटस सिथियन राजांबद्दल जवळपास हेच सांगतो आणि भरायचं सामानही देतो: नागरमोथ्याच्या जातीचं मूळ कुटून, धूप, सेलरीचं आणि बडीशेपेच्या जातीचं बी, वरून मेणाचा थर. निम्मी यादी आजही काष्ठौषधींच्या दुकानात मिळेल. एवढा खटाटोप का? अल्ताईत हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठते, खड्डा खणता येत नाही. हिवाळ्यात मेलेल्याला उन्हाळ्यापर्यंत सांभाळावं लागतं. उकोकच्या बाईसोबतच्या घोड्यांच्या पोटातल्या चाऱ्यावरून दफन जूनमधलं ठरतं.

पुढची 2300-2400 वर्षं सांभाळली ती बर्फानं. खोल खड्ड्यात लार्चच्या ओंडक्यांची कोठी रचायची, छतावर भूर्जाच्या साली आणि झुडपं पसरायची, माती लोटायची आणि वर सुट्या दगडांचा ढीग घालायचा. पाझिरिकच्या मोठ्या कुर्गानांचे ढीग चाळीसेक मीटर रुंद होते. हिवाळ्यात थंड, जड हवा दगडांच्या फटींतून खाली उतरते आणि जमीन खोलवर गोठवते. उन्हाळ्यात तेच दगड सावली धरतात, ऊब खाली जाऊ देत नाहीत. ढिगाखाली भिंगाच्या आकाराचा बर्फाचा थर तयार होतो. कोठीत झिरपलेलं पावसाचं आणि वितळत्या बर्फाचं पाणी पहिल्याच हिवाळ्यांत गोठतं आणि पुन्हा सुटत नाही. पाझिरिकच्या पाचही मोठ्या कुर्गानांत चोर प्राचीन काळीच शिरले होते. सोनं त्यांनी नेलं, पण त्यांच्या भगदाडातून पाणी आत गेलं आणि नमदे, लाकूड, कातडं, गालिचा आपल्यासाठी टिकलं. उत्खननात हे बर्फ कुदळीनं फोडता येत नाही. गरम पाणी ओतत, भांडं-भांडं उपसत वितळवावं लागतं.

लेपाचा दावा पडतो तो इथेच. याच संस्कृतीच्या ज्या थडग्यांत बर्फ धरलं नाही, तिथे हाडं आणि धातू यांपलीकडे फारसं काही उरत नाही. आणि 'ताजी'? उकोकच्या बाईच्या चेहऱ्यावर आणि मानेवर त्वचाच उरलेली नव्हती. डोकं भादरलेलं, वर घोड्याच्या केसांचा उंच टोप. फॉरवर्डमधला झोपलेला सुंदर चेहरा ही आजच्या कलाकारानं केलेली पुनर्रचना आहे. उलट बर्फातून बाहेर आल्यावर देह बिघडू लागला आणि लेनिनचा देह सांभाळणाऱ्या मॉस्कोच्या प्रयोगशाळेकडे न्यावा लागला. चमत्कारी लेपाला असली मदत लागली नसती.

गोंदणाबद्दल एकच संदर्भ पुरे: 'अँटिक्विटी' या नियतकालिकात 2025 साली आलेला अभ्यास. तो उकोकच्या बाईवरचा नाही, पाझिरिकच्या पाचव्या कुर्गानातल्या पन्नाशीच्या बाईवरचा आहे, पण पद्धत त्याच लोकांची. काळवंडलेल्या कातडीवर डोळ्यांना काही दिसत नाही; निकट-अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशात फोटो घेतले की रेघा उठून येतात. जाड रेघांसाठी अनेक टोकं एकत्र बांधलेलं हत्यार आणि बारीक कामासाठी एकच टोक वापरल्याचं दिसतं. टोचे हातानं दिलेले. उजव्या हातावरचं काम सफाईदार, डाव्यावरचं त्या मानानं कच्चं: बहुधा दोन वेगळे हात, किंवा एकाच हाताची अनेक वर्षांच्या अंतरानं केलेली दोन कामं. यंत्रानं डावं-उजवं असं केलं नसतं. सुई, काजळी आणि सराव. आपल्याकडच्या आज्यांच्या हातावरच्या तुळशी-वृंदावनाच्या जातीचंच काम, फक्त नक्षी वेगळी.

आणि मंत्र? देह पुरण्यासाठी तयार करताना गोंदणावरूनच चिरा घेतल्या आहेत. देहरक्षणाचा मंत्र असता तर त्यावर सुरी कोण चालवेल? गोंदण जिवंतपणी मिरवायचं होतं. त्यात लिपी नाही, पशू आहेत. उकोकच्या बाईच्या खांद्यावर चोच असलेलं हरीण आहे, शिंगांच्या टोकांना पक्ष्यांची डोकी, आणि मागचा धड पिळून वर फिरवलेला. हीच पिळलेली मुद्रा खोगिरावरच्या नमद्यात, लगामाच्या लाकडी पदकांत आणि पाझिरिकच्या सरदाराच्या अंगावरही दिसते. एकदा ती ओळखू यायला लागली की गूढ लिपी वगैरे डोक्यातून जातं.

शक. इथे अर्धं सत्य आहे. इराणी सम्राटांचे लेख गवताळ प्रदेशातल्या भटक्यांना सरसकट 'सका' म्हणतात, आणि त्या नात्यातलेच लोक पुढे आपल्याकडे आले. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीला 'सकयवनपल्हवनिसूदन', म्हणजे शक, यवन आणि पल्हवांचा नाश करणारा, म्हटलं आहे ते त्यांच्यामुळेच. पण ते उकोकच्या बाईनंतर चारेकशे वर्षांनी, आणि उकोक ते नाशिक सरळ रेषेतही सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. पाझिरिक लोकांनी मागे कसलंही लेखन ठेवलेलं नाही. प्राचीन डीएनएत त्यांचं मूळ पश्चिमेकडच्या आणि पूर्वेकडच्या गटांचं मिश्रण दिसतं. एवढ्यावर 'आपलीच' म्हणणं म्हणजे गावात आडनाव जुळलं की सोयरीक ठरवणं.

शापाला फार वेळ देत नाही. खोदकाम 1993 चं, भूकंप 27 सप्टेंबर 2003 चा, 7.3 तीव्रतेचा. दहा वर्षं थांबणारा शाप! शेजारच्या गोबी-अल्ताईत 1957 साली 8 च्या आसपासचा भूकंप झाला, तेव्हा बाई शांत निजलेली होती. अल्ताईची जमीन हलते याचं मूळ कारण भारतीय भूपट्ट आशियाला रेटतो आहे हे आहे, म्हणजे दोष द्यायचाच तर आपल्या जमिनीला द्या. मात्र तिला परत पुरा ही अल्ताई लोकांची मागणी या थट्टेत ओढू नये. ती त्यांच्या भूमीतल्या पूर्वजेबद्दलची आहे. 2012 साली देह अल्ताईतल्या गोर्नो-अल्ताईस्कच्या संग्रहालयात परत गेला तो त्याच दबावामुळे.

राहिला फॉरवर्डमधला शेवटचा फोटो, तीन पट्ट्यांच्या 'आदिदास' बुटांचा. ते बूट तिचे नाहीतच. ते 2016 साली मंगोलियाच्या अल्ताईत सापडलेल्या तुर्क काळातल्या दफनातले, उकोकच्या बाईनंतर हजाराहून जास्त वर्षांनंतरचे. आणि नमद्याचे.