सगळ्या साड्या एका पानावर का नाहीत? ताईंच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

दोन तारे देऊन तुम्ही जे लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. रात्री दुकान वाढवल्यावर सासऱ्यांनाही वाचून दाखवलं. लेकीच्या पहिल्या संक्रांतीसाठी तुम्ही काळी इरकल शोधत होतात. तुमचं म्हणणं असं, की सोलापूरच्या दुकानात गेलं तर सगळा माल समोर टाकतात, मग वेबसाइटवर चोवीस-चोवीस साड्यांची सोळा पानं कशाला? पुढे-पुढे दाबून बोटं दुखली, एखादी साडी उघडून मागे आलं की परत पहिलं पान. एक साडी दोनदा दिसली, आणि तुमच्या जाऊबाईंनी त्याच संध्याकाळी बघितलेली चंद्रकळा तुम्हाला दिसलीच नाही. "माल लपवून ठेवता की काय?" असंही तुम्ही विचारलंत.

माल आम्ही लपवत नाही. पण तुम्हाला तसं वाटलं यात चूक आमचीच आहे, आणि ती कशी झाली ते शोधायला मला तीन दिवस लागले.

हातमागाची इरकल म्हणजे एकेक नग. विकली गेली की आमच्या साइटवरून ती लगेच निघायची आणि मागच्या सगळ्या साड्या एकेक घर पुढे सरकायच्या. आता असं बघा, तुम्ही पहिलं पान बघत होतात. तेवढ्यात त्या पानावरची सातवी साडी कोणीतरी घेतली. पंचविसावी साडी, जी दुसऱ्या पानावर पहिली होती, ती सरकून पहिल्या पानाच्या शेवटी आली. तुमच्या फोनवर मात्र जुनंच पान उघडं होतं. तुम्ही 'पुढे' दाबलंत आणि दुसरं पान सव्विसावीपासून सुरू झालं. पंचविसावी तुमच्यासाठी राहूनच गेली. उलट, आम्ही नवीन साडी चढवली की ती सगळ्यांच्या पुढे बसते, चोविसावी ढकलली जाऊन दुसऱ्या पानावर जाते आणि तीच तुम्हाला पुन्हा दिसते. त्या संध्याकाळची नोंद मी काढून बघितली. दोन साड्या विकल्या होत्या, तीन नव्या चढवल्या होत्या. जाऊबाई तुमच्यानंतर तासाभराने आल्या, म्हणून त्यांना चंद्रकळा दिसली.

खरं सांगते, गेली दोन वर्षं हे असंच चालू असणार. कितीजणींची कितीतरी साड्यांवरची नजर अशी चुकली असेल, आणि आम्हाला पत्ताच नाही. तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं.

आता एका पानाबद्दल. सुरुवातीला आम्ही सगळ्या साड्या एकाच पानावर ठेवल्या होत्या. सासऱ्यांचा आग्रहच होता तसा. ते गादीवर बसून साडी उलगडतात तेव्हा आधीच्या वीस साड्यांची घडी घालू देत नाहीत. गिऱ्हाईकाला हिरवीशेजारी हिरवी दिसली पाहिजे, गोमी काठाशेजारी चिक्की काठ दिसला पाहिजे, तरच मन ठरतं असं ते म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण फोनचं गणित वेगळं निघालं. तेव्हा आमच्याकडे 380 साड्या होत्या, एकेका फोटोचं वजन साधारण 200 केबी. म्हणजे ते एक पान उघडायला 76 एमबी डेटा. माझ्या आत्याच्या गावात रेंज जेमतेम असते, तिच्या फोनवर ते पान उघडायचंच नाही. पांढऱ्या चौकटी तेवढ्या दिसायच्या. म्हणून मी पानं पाडली. फोटो अगदी बारीक करून बघितले, तर काळी, गडद निळी आणि वांगी रंगाची साडी सारखीच दिसायला लागली. इरकलीचा लाल पदर आणि त्यातले पांढरे रेशमी पट्टे तर ओळखूच येईनात. तेच दिसलं नाही तर इरकल बघितली काय नि न बघितली काय!

त्यामुळे सगळे मोठे फोटो एकदम उघडतील असं पान मी आताही करणार नाही. इथे तुमचं ऐकता येत नाही, तेवढं समजून घ्या. पण कालपासून 'सगळ्या साड्या' नावाचं एक पान सुरू केलंय. त्यात मालातला प्रत्येक नग आहे. फोटो नव्या पद्धतीने हलके केले, आता एकेक साधारण 25 केबीचा आहे, आणि बोट जसजसं खाली सरकेल तसतसे पुढचे उतरतात. पहिल्यांदा दिसणारे आठ फोटो मिळून आता पूर्वीच्या एका फोटोएवढे होतात. आत्याच्या फोनवर उघडून बघितलं, उघडलं. साडी बघून मागे आलं की जिथे होतात तिथेच याल. विकली गेलेली साडी दिवसभर आपल्या जागेवरच राहील, फक्त तिच्यावर 'विकली गेली' अशी पट्टी येईल. नवीन माल रात्री दुकान बंद झाल्यावरच चढवू, म्हणजे तुम्ही बघत असताना पायाखालची रांग हलणार नाही. पत्ता आणि साडी परत करण्याचे नियम पूर्वी तळाशी असायचे. एवढं लांब पान खाली सरकवत कोण जाईल, म्हणून ते वर आणले. रंग, काठ आणि किमतीनुसार निवडायची सोयही वरच आहे. 'काळा' निवडलंत की निळ्या-वांग्या साड्या त्यात येणार नाहीत. ते रंग मी स्वतः उजेडात साडी धरून लिहिले आहेत.

जाऊबाईंनी बघितलेली ती चंद्रकळा मात्र गेली, ताई. दुसऱ्याच दिवशी सकाळी गेली. याचं मला फार वाईट वाटतं, कारण ती तुम्हाला आधी दिसायला हवी होती.

आज काळ्या रंगात नऊ इरकली आहेत. त्यातल्या दोन सासऱ्यांनी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवल्यात, पैसे काहीही न घेता. संध्याकाळी पाचनंतर दुकानाच्या नंबरवर व्हिडिओ कॉल करा, ते गादीवर दोन्ही उलगडून दाखवतील, पदरासकट. आमच्याकडे सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षतांच्या दिवशी दुकान बंद असतं, म्हणून 8 तारखेपर्यंत कळवलंत तर पार्सल संक्रांतीआधी लेकीच्या हातात पडेल. पाठवायचा खर्च आमचा. आणि दोन्ही नाही आवडल्या तरी मोकळेपणाने सांगा, त्या परत मांडणीत लावू.