‘गेट’ची हकालपट्टी थांबवा

सकाळी पुन्हा ते इंग्रजी सुधारायला सांगणारं चित्र आलं. मिळणं, होणं यांसाठी सारखं ‘गेट’ हे क्रियापद वापरणं बंद करा, त्याऐवजी हे शब्द वापरा. खाली ऑब्टेन, अक्वायर, प्रोक्युअर, रिसीव्ह, सिक्युअर, फेच, बिकम, सगळे एका रांगेत. कुठला कुठे लावायचा याबद्दल एक अक्षर नाही. त्याखालीच एका मुलीने रजेच्या अर्जातलं वाक्य टाकून विचारलंय, ‘बरोबर आहे का?’ वाक्य असं: ‘आय ऑब्टेन्ड फीव्हर.’ आणि लोकांनी खाली अंगठे दिलेत!

अहो, ऑब्टेन म्हणजे खटपट करून मिळवणं. अर्ज करायचा, मागणी करायची, प्रयोग करायचा, मग हातात येतं ते ऑब्टेन. ऑब्टेन परमिशन, ऑब्टेन अ कॉपी, ऑब्टेन रिझल्ट्स. ताप कुणी खटपट करून मिळवतं का? तिला साधं ‘आय हॅव अ फीव्हर’ पुरलं असतं. सर्दी असती तर ‘आय हॅव गॉट अ कोल्ड’. त्या पोरीची यात काही चूक नाही. तिने यादीवर विश्वास ठेवला.

यादीतला प्रत्येक शब्द आपापली जागा धरून बसलेला असतो. रिसीव्ह म्हणजे दुसऱ्याने पाठवलं आणि आपल्यापर्यंत आलं: पत्र, पगार, तक्रार. अक्वायर हळूहळू अंगी येणाऱ्या गोष्टीला लागतं, कौशल्याला, सवयीला. नाहीतर एका कंपनीने दुसरी विकत घेतली तर. प्रोक्युअरला खरेदी खात्याचा वास आहे, घरी कुणी दूध प्रोक्युअर करत नाही. सिक्युअर म्हणजे हातचं जाऊ शकत होतं ते पक्कं करणं, कर्ज किंवा प्रवेश. फेच म्हणजे जाऊन घेऊन येणं, त्यात जाणंही आलं आणि परत येणंही. वजन वाढलं तर गेन, आदर कमावला तर अर्न. हे एकमेकांच्या जागी टाकून चालत नाहीत.

‘गेट’ मात्र या सगळ्यांच्या खालचा पाया आहे. हा शब्द उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून, दर्यावर्दी व्हायकिंग लोकांबरोबर इंग्रजीत आला. ऑब्टेन, रिसीव्ह, अक्वायर ही मंडळी फ्रेंच आणि लॅटिनमधून आलेली. 1066 नंतर इंग्लंडवर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांची सत्ता आली, तेव्हापासून दरबार आणि कोर्टकचेरीची भाषा फ्रेंच-लॅटिन आणि घरातली भाषा इंग्रजी, असं बराच काळ चाललं. त्या फ्रेंच-लॅटिन घराण्यातले शब्द आजही इस्त्रीचे कपडे घातल्यासारखे वाटतात. रोजच्या बोलण्यात ते घुसवले की बोलणारा वरचढ वाटत नाही, परका वाटतो.

मग ‘गेट’ शिकायचं कसं? पुढे काय येतंय ते बघून. पुढे वस्तू आली तर मिळणं किंवा आणणं. जागा आली तर पोचणं: गेट होम, गेट टू द स्टेशन. पुढे विशेषण आलं तर होणं: गेट टायर्ड, गेट अँग्री. इथे बिकम चालतं, पण जड होतं. आणि उलट बाजूला नेमकी गफलत होते. ‘ती डॉक्टर झाली’ याला ‘शी गॉट अ डॉक्टर’ म्हटलंत तर अर्थ होतो, तिने डॉक्टर बोलावला किंवा तिला डॉक्टर मिळाला. तिथे बिकमच पाहिजे. दूध नासलं तर गो (गो बॅड), चेहरा लाल झाला तर गो किंवा टर्न (टर्न रेड).

सगळ्यात जास्त हाल होतात ते करून घेण्याच्या ‘गेट’चे, आणि तो तर यादीत नसतोच. आपण मराठीत बिनदिक्कत ‘मी केस कापले’ म्हणतो, कापणारा दुसरा असला तरी. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की कात्री तुमच्याच हातात. दुसऱ्याने कापले तर ‘आय गॉट माय हेअर कट’. क्रम लक्षात ठेवा: गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. माणसाकडून काम करवून घेतलं तर मध्ये ‘टू’ हवा: ‘आय गॉट हिम टू साइन’. ‘गॉट हिम साइन’ चूक. मेक वापरलं तर मात्र ‘टू’ नको, ‘आय मेड हिम साइन’, आणि अर्थही बदलतो. गेटमध्ये मनधरणी आहे, मेकमध्ये जबरदस्ती.

ठीक आहे, एक मान्य करतो. एका परिच्छेदात पाच वेळा ‘गॉट’ आलं तर अहवाल ढिसाळ दिसतो, आणि कार्यालयीन पत्रात ‘आय हॅव गॉट युअर लेटर’पेक्षा ‘आय हॅव रिसीव्ह्ड युअर लेटर’ शोभतं. पण म्हणून शब्दच हद्दपार? ‘आय हॅव गॉट अ ब्रदर’मध्ये तर मिळण्याचा संबंधच नाही, तिथे ते निव्वळ ‘आहे’. ‘आय हॅव गॉट टू गो’मध्ये ते ‘लागतं’. ‘आय डोन्ट गेट इट’मध्ये समजणं. यांच्या जागी ऑब्टेन ठेवून बघा जरा.

आणि अशा याद्यांच्या समर्थनाला कृपा करून रॉजेंचं नाव पुढे करू नका. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरांनी 1852 मध्ये थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाच्या शब्दांचा कोश, काढला तो कल्पनांनुसार लावून. मनात अर्थ आहे, शब्द आठवत नाही, अशा माणसासाठी. शेजारी छापलेले शब्द डोळे मिटून अदलाबदल करा, हा त्यामागचा हेतूच नव्हता.

तापवाल्या मुलीसाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी: घाबरू नका गं, ‘गेट’ लिहिल्याने कुणी अडाणी ठरत नाही. नवा शब्द घ्यायचा असेल तर शिकणाऱ्यांसाठी काढलेला शब्दकोश उघडा, अर्थ वाचून झाला की थांबू नका, खालची उदाहरणं वाचा. त्या शब्दापुढे कुठली नामं येतात ती जोडीने वहीत उतरवा. एकटा शब्द लिहून ठेवूच नका. तुमचं नाम त्या उदाहरणांच्या जातीचं नसेल तर सरळ ‘गेट’वर परत या.

आणि चित्रं पाठवणाऱ्यांनो, पाठवायचीच असतील तर प्रत्येक शब्दापुढे एक चालणारं आणि एक न चालणारं वाक्य स्वतः लिहून पाठवा.