ढगांचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी

सर्वप्रथम अभिनंदन. हवामानशास्त्र शिकायला पोरं पुण्यात वर्षानुवर्षं घासतात, तुम्हाला ते सकाळच्या चहाबरोबर आलं. हातात फोन, फोनात ग्रुप, ग्रुपवर उपग्रहाचा फोटो. आता मागं हटायचं नाही.

पहिलं काम म्हणजे फोटोचा कोपरा कापणं. तिथं तारीख आणि वेळ असते, तिच्यामुळं सगळी मजा जाते. कापायचा कंटाळा आलाच तर वेळ जशी छापलीय तशी वाचा. ०६०० यूटीसी (म्हणजे जागतिक प्रमाणवेळ) दिसलं की ‘पहाटे सहाचा ताजा फोटो’ म्हणून टाकून द्या. आपल्याकडं तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात, पण साडेपाच तासांनी कुणाचं काय बिघडतंय? (वळवाचा ढग तेवढ्यात उठतो, कोसळतो आणि विरूनही जातो. ते राहू दे.)

खाली ‘नासा’ लिहायला विसरू नका. फोटो आपल्याच इन्सॅट उपग्रहाचा असला तरी.

आता रंग. लाल दिसलं की रेड अलर्ट, इतकं सोपं आहे. इन्फ्रारेड कॅमेरा ढगाच्या माथ्याचं तापमान टिपतो, ढग जितका उंच तितका माथा थंड, आणि त्या थंडीला लाल-जांभळा रंग खाली माणसं देतात, चित्र वाचायला सोपं जावं म्हणून. हवामान खात्याचा हिरवा-पिवळा-नारिंगी-लाल इशारा ही वेगळीच गोष्ट. असल्या बारकाव्यात तुम्ही पडू नका. लाल नसेल तर ‘काही नाही, झोपा निवांत’ असं टाका. पावसाळ्यात नवजा-महाबळेश्वरला जो पाऊस ओततो, तो पुष्कळदा सह्याद्रीला अडलेल्या ठेंगण्या ढगांतून. त्यांचे माथे फारसे थंड नसतात, त्यामुळं इन्फ्रारेड चित्रात ते फिकट, गरीब दिसतात. खाली कोयना धरण मात्र भरत असतं, १०५ टीएमसीचं. मग दरवाजे उचलले की तुम्ही सांगलीच्या आयर्विन पुलावर सेल्फी काढायला मोकळे. तिथं ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं होतं. पाणी मोजायची ती पट्टी ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाला दिसत नाही, पुलावर जाऊनच वाचावी लागते.

उसाचं पाचट बिनधास्त पेटवा. वरून जाणाऱ्या उपग्रहाला तो गरम ठिपका दिसतो, पण ठिपक्यावर तुमचं नाव नसतं.

यानंतरची सूचना जरा लांबणार आहे, कारण ती मी स्वतः पाळून बघितलीय. फोटो जुना असला तरी चालतो.

मार्चची गोष्ट. शेडवर सुकायला द्राक्षं पसरून आठ दिवस झालेले, अजून आठवड्यात बेदाणा उतरला असता. रात्री नऊला आमच्या ग्रुपवर अण्णांनी फोटो टाकला. अरबी समुद्रात पांढराशुभ्र भोवरा, मधे डोळा, आणि खाली: ‘उद्या दुपारी तासगाव, कवठेमहांकाळ, जत. गारपीट पक्की. नासा.’ पाच मिनिटांत चाळीस जणांनी हात जोडले. मी टॉर्च घेऊन शेडवर. मजूर जेवत होते, त्यांना ताटावरून उठवलं. चारी बाजूंचे कागद सोडले, दोऱ्या आवळल्या, वर ताडपत्री. दुसऱ्या दिवशी कडक ऊन. अण्णा म्हणाले, “सिस्टीम थोडी लांबलीय, कागद उचलू नका.” नाही उचलले. बेदाण्याला वारा लागतो हो! कोंडलं की माल घाम धरतो. दोन दिवस मी स्वतःच्या हातानं स्वतःचा माल वाफवला. तिसऱ्या दिवशी अकरावीतल्या पुतणीनं फोटो बघितला आणि म्हणाली, “काका, मार्चात एवढा डोळा कुठनं येईल? हे तौक्ते हाय, मे एकवीसचं.”

तौक्ते चक्रीवादळ. जे गुजरातला जाऊन धडकलं आणि संपलं, ते अण्णांनी माझ्या शेडवर परत आणलं. कोपरा अर्थातच कापलेला.

सौद्याला व्यापाऱ्यानं मूठभर उचलून बघितला आणि काही न बोलता परत बॉक्सात टाकला. दर विचारू नका. विम्याचंही विचारू नका, मंडळातलं ते पाऊस-वारा मोजायचं यंत्र आणि आपलं रान यांचं नातं सगळ्यांना ठाऊक आहे.

बरं, इथंच संपलं असतं तरी चाललं असतं. पुढच्या आठवड्यात हवामान खात्यानं जिल्ह्याला पिवळा इशारा दिला, वीज आणि वाऱ्यासह पाऊस. ग्रुपवर त्याच्याखाली हसणारी तोंडं. त्यात एक माझं होतं. दुसरा माल रॅकवर, कागद वर गुंडाळलेले. वीस मिनिटं पडला. फक्त वीस.

अण्णांना विचारलं तर म्हणाले, “आलं तसं पुढं पाठवलं.”

आलं तसं? तुम्ही काय पाट आहात का? अहो, म्हैसाळ योजनेच्या पाण्यालासुद्धा दार असतं, कुणीतरी ते उघडतं आणि बंद करतं. १७ फेब्रुवारी २०२४ ला श्रीहरिकोट्याहून इन्सॅट-३डीएस सोडला, त्याच्या आधीचा ३डीआर २०१६ पासून वर आहे, अर्ध्या अर्ध्या तासाला ताजं चित्र खाली येतं. ते हवामान खात्याच्या साइटवर कोपऱ्यासकट फुकट मिळतं. मौसम ॲप फुकट, विजेसाठी दामिनी फुकट. एवढं सगळं करून चित्र गावापर्यंत पोचतं आणि शेवटच्या दोन बोटांत त्याचं मातेरं करता तुम्ही. वर खऱ्या इशाऱ्यावरचा विश्वासही घालवता. लाज वाटू द्या जरा. तारीख वाचायला किती वेळ लागतो? माझं हसणारं तोंड मी काढून टाकलंय, पण ते सगळ्यांनी बघितलं होतं, त्याचं काय करू?

अण्णा, वाचत असाल तर उद्या सकाळी शेडवर या. जाळ्या धुवायच्यात आणि माणसं कमी आहेत. येताना फोन घरी ठेवा.