खुर्ची मिळाली नाही म्हणून? – ‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर

नमस्कार ‘स्पष्टवक्ता’,

पदामागे धावण्यापेक्षा हातातलं काम मन लावून करणं मोठं, असं मी गाडगेबाबा आणि गडचिरोलीच्या आरोग्यदूतांची, म्हणजे नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या गावातल्या बायकांची, उदाहरणं देऊन लिहिलं होतं. त्या लेखावर तुम्ही प्रतिक्रिया दिलीत. नंतर येणाऱ्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून ती आहे तशी इथे देते: ‘ज्यांना खुर्ची मिळत नाही, तेच सेवेचे गोडवे गातात. बाबासाहेबांनी शासनकर्ती जमात व्हा असं उगीच सांगितलं का? औषधं किती घ्यायची, नर्सेस किती भरायच्या, हे खुर्चीवरचा माणूस ठरवतो. चार हरकामी बायकांनी बाळं सांभाळली म्हणून व्यवस्था बदलत नसते. सिस्टर, रिटायर झालात, आता ड्युटीचं कौतुक पुरे.’

आधी तुमच्या भाषेबद्दल बोलते. ‘सिस्टर’ ही हाक मी आयुष्यभर ऐकली. मध्यरात्री घाबरलेल्या आयांनी ती मारली आहे, नवीन आलेल्या डॉक्टरांनी मारली आहे, आणि प्रत्येक वेळी मी उठून गेले आहे. तुम्ही तीच हाक मला गप्प बसवायला वापरलीत. तेही नाव झाकून. माझं नाव या पानाच्या माथ्यावर आहे. समोरच्याची लायकी काढायची असेल तर निदान आपण कोण, एवढं सांगण्याची रीत आपल्याकडे आहे.

एक गोष्ट लगेच मान्य करते. कुणीतरी खुर्चीवर बसावं लागतं. रजा, रात्रपाळ्या, एकीची बदली आणि दुसरीची प्रसूती रजा, हे सगळं सांभाळून ड्युटीचा तक्ता लावणं सोपं काम नाही. ते नीट करणाऱ्या मेट्रन मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्याबद्दल मनात आदर आहे. लेखात मी त्यांच्याविरुद्ध एक अक्षर लिहिलेलं नाही. पुन्हा वाचा.

आता ते पहिलं वाक्य. ‘ज्यांना खुर्ची मिळत नाही’. तुम्हाला काय माहीत हो?

मी जिल्हा रुग्णालयात परिसेविका होते, नवजात बाळांच्या कक्षाची इनचार्ज. सहायक अधिसेविका, म्हणजे असिस्टंट मेट्रन, म्हणून पदोन्नतीचा आदेश निघाला तेव्हा ती नाकारत असल्याचं मी लेखी दिलं. तो कागद माझ्या सेवापुस्तकात लागलेला आहे. घरात त्यावरून अबोला झाला. पगाराचा फरक थोडा नव्हता आणि मुलीचं शिक्षण चालू होतं. पुढे आमच्या संघटनेच्या निवडणुकीत उभं राहा म्हणून चार जणी घरी येऊन बसल्या, त्यांनाही चहा पाजून नाही म्हटलं. तेव्हा आंबट द्राक्षांचा हिशोब माझ्याकडे मांडू नका.

नाही का म्हटलं, तेही ऐका. किलोभर वजनाच्या बाळाची शीर केसाएवढी असते. पिवळी, 24 नंबरची कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवायची बारीक नळीची सुई, घ्यायची, हात आधी चोळून गरम करायचे, बाळाचं मनगट दोन बोटांत धरायचं आणि श्वास रोखून सुई आत न्यायची. शीर फुटली की हातावर निळा डाग उमटतो, आणि बाहेर काचेला नाक लावून उभी असलेली आजी तो बघते. मग दूध. त्या बाळाला ओढायची ताकद नसते, म्हणून आईचं दूध वाटीत काढून छोट्या पळीने ओठाच्या कडेला थेंब थेंब द्यायचं. घाई केली तर ठसका, ठसक्यातून निळं पडणं. हे शिकायला मला वर्षं लागली. ज्या दिवशी ते जमलं असं वाटलं, त्याच सुमारास मला टेबलामागे बसायला बोलावलं गेलं. माझ्याबरोबरच्या काही जणी बढतीच्या यादीत आपला नंबर कितवा, हे विचारायला दर महिन्याला ऑफिसच्या चकरा मारायच्या. त्या वेळात कक्षात बाळांकडे कोण बघत होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझा राग त्यावर आहे.

‘हरकामी बायका’ हा शब्द मला झोंबला, स्वतःसाठी नव्हे. तुम्ही ज्यांना हे म्हणालात त्यांनी काय केलं ते माहीत नसेल तर सांगते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतल्या 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळ तोलणं, त्याला ऊब देणं, जन्मताच श्वास घेत नसेल तर पिशवीने श्वास देणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शनसुद्धा. डॉक्टरांशिवाय कुणी हे करू नये असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. तिथला नवजात मृत्युदर हजारी 62 होता. तो तिसऱ्या वर्षी 25च्या आसपास आला, तर शेजारच्या, हा प्रयोग नसलेल्या 47 गावांत तो साठीच्या घरातच राहिला. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. पुढे देशभरातल्या आशाताईंना याच धर्तीवर घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं गेलं. त्या बायकांच्या दारावर कसलीच पाटी नव्हती. व्यवस्था बदलत नाही म्हणता, मग ही कशी बदलली? सुई चुकू न देणाऱ्या, वजन लिहायला न विसरणाऱ्या हातांनी बदलली. त्या कामात ढिलाई असती तर कुठल्याही मंत्र्याच्या सहीने ते आकडे खाली आले नसते.

गाडगेबाबांबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत, म्हणून मीही थोडक्यात सांगते. गावात शिरल्यावर हा माणूस आधी खराट्याने रस्ता झाडायचा आणि रात्री कीर्तनाला उभा राहायचा. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा बांधल्या, पण त्यांच्या गादीवर बसला नाही. मुंबईत ‘टाटा’ रुग्णालयात कॅन्सरच्या उपचाराला येणाऱ्या गावाकडच्या माणसांना दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही आसरा देते. तिथे एकदा जाऊन या. पेशंटच्या नातेवाइकांना डबा, अंथरूण आणि दोन शब्द मिळणं म्हणजे काय, ते कळेल.

बाबासाहेबांचं नाव घेऊन मला खोडून काढता येईल असं तुम्हाला वाटलं असावं. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी 1949 साली बाबासाहेबांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. त्या दोघांना एकमेकांचं मोल कळत होतं. आणि हिंदू कोड बिल अडवलं गेलं तेव्हा 1951 साली बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. काम होत नसेल तर पद कशाला, हे त्यांनी करून दाखवलं. याहून जास्त या मुद्द्यावर मला बोलायचं नाही.

औषधखरेदी आणि भरतीचं म्हणाल, तर तो माझ्या लेखाचा विषयच नव्हता. त्यावर तुम्ही स्वतंत्र लिहा, मी वाचेन.

मी रिटायर झाले हे खरं. ड्युटीबद्दल लिहिणं मात्र चालूच राहील, कारण नवीन मुली मला फोन करून विचारतात, सिस्टर, शीर सापडत नाही, काय करू. त्यांना मी बढतीचे नियम सांगत नाही, हात गरम कर म्हणते.

तुमची पुढची प्रतिक्रिया मतभेदाची असली तरी राहू देईन. आरोग्यदूतांना, आशाताईंना किंवा वॉर्डातल्या मावशींना उद्देशून ‘हरकामी बायका’ हा शब्द पुन्हा आला, तर मात्र काढून टाकेन.