इटलीतली सरकारी टीव्हीची मक्तेदारी बर्लुस्कोनींनी मोडली?

इटलीचे माजी पंतप्रधान आणि खासगी टीव्हीचे बडे मालक सिल्व्हिओ बर्लुस्कोनी २०२३ मध्ये गेले, तेव्हापासून एक मजकूर या ना त्या रूपात फिरतो आहे. त्याचा आशय असा : इटलीत पूर्वी एकच कंटाळवाणा, कृष्णधवल सरकारी चॅनल होता. बर्लुस्कोनींनी एकट्याने ती मक्तेदारी मोडली, शून्यातून तीन चॅनल उभे केले आणि सरकारची मदत न घेता बाजारात जिंकून दाखवलं. उद्योजकतेचे धडे देणाऱ्यांना हा मजकूर फार आवडतो. त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे.

आधी तो 'एकच कृष्णधवल चॅनल'. 'राय' या सरकारी संस्थेचं नियमित प्रक्षेपण ३ जानेवारी १९५४ ला सुरू झालं. दुसरा चॅनल १९६१ मध्ये आला, रंगीत प्रक्षेपण १९७७ मध्ये आणि तिसरा चॅनल डिसेंबर १९७९ मध्ये. बर्लुस्कोनींचा 'कानाले ५' १९८० चा. म्हणजे तो आला तेव्हा रायचे तीन चॅनल होते आणि तेही रंगीत. कंटाळवाणं म्हणाल, तर माइक बोंजोर्नोंच्या प्रश्नमंजूषेने पन्नासच्या दशकातच देशाला वेड लावलं होतं. पुढे बर्लुस्कोनींनी याच बोंजोर्नोंना आपल्याकडे ओढलं. आणि १९६० पासून आल्बेर्तो मांझी नावाचे शिक्षक निरक्षर प्रौढांना टीव्हीवरून लिहायला-वाचायला शिकवत होते, तेही याच सरकारी चॅनलवर.

रायचे दोष होतेच. पक्षांनी चॅनल वाटून घेतले होते : पहिला ख्रिश्चन डेमोक्रॅट्सचा, दुसरा समाजवाद्यांचा, तिसरा कम्युनिस्टांचा. पण हा वेगळा मुद्दा.

मक्तेदारी मग मोडली कोणी? सुरुवात केली बिएल्ला या लहानशा गावातल्या पेप्पो साक्कींनी. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी 'तेलेबिएल्ला' नावाची केबलवाहिनी काढली. सरकारने १९७३ मध्ये तिची केबल तोडायला लावली आणि प्रकरण पेटलं. १९७४ मध्ये घटना न्यायालयाने स्थानिक केबलला मोकळीक दिली आणि १९७६ च्या निकालाने स्थानिक पातळीवर हवेतून प्रक्षेपण करायलाही खासगी लोकांना परवानगी मिळाली. त्यानंतर गावोगावी शेकडो केंद्रं निघाली. बर्लुस्कोनी त्या गर्दीतले एक. त्यांची 'तेलेमिलानो'सुद्धा मुळात त्यांच्या 'मिलानो २' वसाहतीतल्या रहिवाशांसाठी दुसऱ्याच माणसाने १९७४ मध्ये सुरू केलेली केबलवाहिनी होती.

तीन चॅनलांची गोष्ट तर आणखी सोपी आहे. 'इतालिया १' प्रकाशक रुस्कोनी यांनी १९८२ मध्ये काढला आणि वर्षभरातच विकला. 'रेते ४' मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेचा, तो १९८४ मध्ये बर्लुस्कोनींच्या हातात आला. दोन्ही आयते विकत घेतलेले. जाहिराती विकण्यात बर्लुस्कोनींचा हात धरणारं कोणी नव्हतं, हे मात्र खरं. राय जाहिरातींना मोजूनमापून जागा द्यायची. बर्लुस्कोनींनी ती लहान कारखानदारांसाठीही खुली केली. प्रतिस्पर्धी प्रकाशक नेमके इथेच हरले.

आता 'सरकारची मदत न घेता'. इथे मात्र हसू येतं.

न्यायालयाने मुभा दिली होती ती फक्त स्थानिक प्रक्षेपणाला. बर्लुस्कोनींनी पळवाट अशी काढली, की एकाच कार्यक्रमाच्या टेप देशभरातल्या स्थानिक केंद्रांना पाठवायच्या आणि सगळीकडे एकाच वेळी लावायच्या. कागदावर स्थानिक, प्रत्यक्षात राष्ट्रीय. १६ ऑक्टोबर १९८४ ला रोम, तुरिन आणि पेस्कारा इथल्या न्यायाधिकाऱ्यांनी हे बेकायदा ठरवून त्या भागांतलं प्रक्षेपण बंद पाडलं. चारच दिवसांत, २० ऑक्टोबरला, पंतप्रधान बेत्तिनो क्राक्सींच्या सरकारने अध्यादेश काढून ते पुन्हा सुरू करून दिलं. क्राक्सी बर्लुस्कोनींचे जवळचे मित्र. नोव्हेंबरमध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने तो अध्यादेश घटनाबाह्य म्हणून फेटाळला. डिसेंबरमध्ये सरकारने दुसरा काढला आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये त्याचा कायदा झाला. याला मदत म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

पुढे १९९० च्या कायद्याने एका मालकाला तीन राष्ट्रीय चॅनल ठेवायला मोकळीक दिली. नेमके तीन! निषेध म्हणून पाच मंत्र्यांनी राजीनामे दिले. त्यांतले एक, सेर्जो मात्तारेल्ला, २०१५ मध्ये इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले.

आणि बाजारातल्या खुल्या स्पर्धेचं म्हणाल, तर 'एउरोपा ७' ची गोष्ट त्या मजकुरात कधीच नसते. या कंपनीला १९९९ मध्ये राष्ट्रीय प्रक्षेपणाचा परवाना मिळाला, पण प्रक्षेपणासाठी लागणाऱ्या लहरी (फ्रिक्वेन्सी) मिळाल्या नाहीत. परवाना न मिळालेली 'रेते ४' मात्र तात्पुरत्या मुभेवर वर्षानुवर्षं चालू राहिली. बर्लुस्कोनींच्या तीनपैकी एक चॅनल उपग्रहावर हलवा, असं घटना न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं, तेव्हा पंतप्रधान खुद्द बर्लुस्कोनी होते. त्यांच्या सरकारने मुदत संपता संपता अध्यादेश काढून रेते ४ वाचवली. एउरोपा ७ ला लहरींसाठी २००९ पर्यंत थांबावं लागलं. २०१२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्या कंपनीला १ कोटी युरो भरपाई देण्याचा आदेश दिला. द्यायची होती इटलीच्या सरकारने, म्हणजे करदात्यांनी.